नव्या सुनेचा पायगुण आणि तीन वेली

कुंपणाबाहेर पन्नासएक माणसं टाचा उंचावून उभी होती आणि आत वेलबाबा आमच्या भोपळ्याच्या वेलीशी बोलत होता. वेलीशी बोलण्याचं मला काही नाही, आमचे बाबाही बोलतात. पण वेल उत्तर देते आणि ते फक्त यालाच ऐकू येतं म्हटल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली.

बाबा दरवर्षी स्पर्धेसाठी राक्षसी भोपळे लावतात. चार माणसांना हलणार नाही असा भोपळा हवा, तर वेल रोज वीतभर पुढे सरकायला हवी. यंदा तिन्ही वेली महिनाभर हातभरच राहिल्या, पानांच्या कडा करपल्या. दादाचं लग्नही महिन्यापूर्वीच झालेलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढंच. पण गल्लीला तेवढं पुरलं.

"वेल म्हणते, घरात नवं पाऊल आलंय," वेलबाबा डोळे मिटून म्हणाला. "त्या पावलानं माझी वाढ बांधली."

सगळे वहिनीकडे वळले.

"उपाय?" बाबांनी विचारलं.

"या मोठ्या वेलीला अकरा दिवस, रोज अकरा बादल्या पाणी. त्यात माझी चिमूटभर राख. दुसरं काही घालायचं नाही. सूनबाईंनी बागेत फिरकायचं नाही. आणि गुण आला, तर भोपळा पिकेपर्यंत त्यांना माहेरी ठेवा."

दादा मान खाली घालून उभा होता. मला त्याचा संताप आला.

पण मी एक गोष्ट पाहिली होती. डोळे मिटण्याआधी वेलबाबानं मातीवरचा पांढरा थर नखानं खरवडला, जिभेला लावला आणि थुंकला. मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. चव घेऊन थुंकणारा माणूस ध्यान लावत नसतो, काहीतरी तपासत असतो.

दुपारी मी ती माती शुद्ध पाण्यात कालवून मीटर बुडवला. क्षार भरमसाट. आत गेले तर वहिनी बॅग भरत होती.

"खरंच माझ्यामुळे असेल का हो, ताई?"

"आधी सांग, वेलींना खत कोण घालतं?"

ती ओशाळली. "बाबाच घालतात. पण मीही रोज एक मूठ घालते. गुपचूप. वेल वाढली तर पायगुण चांगला म्हणतील ना."

मला हसताही येईना, कारण एक मूठ माझीही होती.

मी खताचं पोतं कुलपात ठेवलं आणि घरात वेलबाबाचंच नाव सांगितलं, त्यामुळे कोणी ब्र काढला नाही. शेडमागच्या दुसऱ्या वेलीला वहिनी पहाटे, कोणी उठण्याआधी, अकरा बादल्या घालू लागली. साधं पाणी, राख नाही. तिसरीला नेहमीची एक झारी.

अकराव्या दिवशी पुन्हा गर्दी. मोठी वेल पाच हात पसरली होती.

"पाऊल दूर झालं, वेल मोकळी झाली," वेलबाबा म्हणाला.

"आता शेडमागे चला," मी म्हणाले.

सगळ्यांदेखत टेप लावली. दुसरी वेल मोठीपेक्षा चार बोटं जास्तच होती. तिसरी होती तिथेच.

"हिला राखेचा कण नाही. आणि पाणी सूनबाईंनी घातलंय, स्वतःच्या हातानं. आता खरं सांगा, खत कोणकोण घालत होतं?"

बाबांचा हात वर झाला. मग दादाचा. मग शेजारच्या काकूंचा, 'सहज, जाता-येता'. वहिनी आणि मी धरून रोजच्या पाच मुठी. अति तिथे माती. खताचे क्षार साचले की मुळांना पाणी ओढता येत नाही. भरपूर पाण्यानं ते खाली वाहून गेले, खत थांबलं, वेली सुटल्या.

"माती खारट लागली होती ना, महाराज?" मी विचारलं. "मग मातीचं नाव घेण्याऐवजी हिचं का घेतलंत?"

तो 'वेल रागावली' असं काहीसं पुटपुटला आणि झोळी उचलून निघाला. लोकांनी वाट दिली.

बाबा वहिनीजवळ आले. "सूनबाई, तुझा पायगुण चांगलाच निघाला."

"आणि बाबा, माझ्या हातची वेल कीड लागून वाळली असती तर?"

बाबा खाली बघत टेप गुंडाळू लागले. मलाही लाज वाटली. तिला निर्दोष ठरवायला मी एका वेलीची साक्ष काढली होती, आणि तशी साक्ष लागावी हेच मुळात चूक होतं. वेल खुंटली तर माती तपासा, मुळं उकरून पाहा, पाणी मोजा. घरात आलेल्या माणसाचं पाऊल तपासू नका, चांगलं ठरवण्यासाठीसुद्धा नाही.