वनवीरची माय

"त्याच झाडाजवळून तिसऱ्यांदा पळून राहिला हा. रस्ता चुकला का काय?" बेबीबाई म्हणाली आणि ग्रामपंचायतीच्या टीव्हीसमोर बसलेल्या बाया हसल्या.

शकुंतलाबाई हसली नाही. ती मागे, दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिचे डोळे टीव्हीवर कमी आणि बायांच्या पाठींवर जास्त होते. सिहोरा गावात आज पहिल्यांदाच चित्रपुस्तकांतला वनवीर हलताना-बोलताना दिसत होता. हलत तरी काय होता! मागे तीच झाडे सरकत आणि ओठ तेवढे उघडझाप करत. बाकी अंग गोठ्यातल्या खुंट्यासारखे. पण बोलत होता, आणि त्या बोलण्याचीच तिला धास्ती होती.

वनवीर या बायांना तिनेच दिला होता. तिच्याच घरापुढच्या छपरीत त्या रोज तेंदूच्या पानांच्या बिड्या वळायला बसत. हात गुंतलेले, कान मोकळे. त्यांच्यात वाचता येणारी ती एकटीच. तुमसरहून आणलेली वनवीरची हिंदी चित्रपुस्तके ती आपल्या बोलीत वाचून दाखवायची, आणि तिचे हात थांबतात म्हणून प्रत्येक बाई आपल्या वळलेल्या बिड्यांतली एक मूठ तिच्या सुपात टाकायची.

पहिल्या पुस्तकात पहिल्याच पानावर वनवीरची आई आगीत जळते. ते पान उघडले त्या दिवशी समोर तुळसा बसली होती. तिचा लेक मनिराम नागपूरकडे कामाला गेला तो गेलाच. निरोप नाही, खबर नाही. शकुंतलाबाईने छापलेली ओळ सोडून दिली. "माय माहेरी गेली होती, म्हून वाचली," ती म्हणाली. आणि एकदा वाचवलेल्या आईला मग प्रत्येक पुस्तकात लेकाचा निरोप यावाच लागला.

एखादी वाकून विचारी, "चित्रात माय दिसत नाही व बाई?"

"घरात रांधून राहिली, दिसन कशी?"

अशी ती माय वर्षानुवर्षे जगली. आज पडद्यावर घर पेटले. काळ्यापांढऱ्या ज्वाळा उठल्या, आणि टीव्हीतला आवाज म्हणाला की आईही गेली, आता वनवीरला जगात कोणी नाही. तुळसा उठली. लुगडे झटकले आणि शकुंतलाबाईच्या जवळून, तिच्याकडे न पाहता, निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बाया आल्या, बसल्या, पाने कापू लागल्या. बेबीबाई खोकली, शकुंतलाबाईला तो खोकला मुद्दाम वाटला. रेवताबाई तुळसाच्या कानाशी लागली. हे माझ्याबद्दलच, असे शकुंतलाबाईने धरले. पण तुळसाने फक्त दोऱ्याचे रीळ पुढे केले. शकुंतलाबाईचे सूप अजून रिकामे होते.

शेवटी तीच म्हणाली, "टीवी पाहली ना सगळ्याईनं. मंग आता मी कायले वाचू?"

तुळसाने बिड्यांच्या जुडीला गाठ मारली. दोरा दातांनी तोडला.

"मले ठाऊक होतं," ती म्हणाली.

"कईपासून?"

"पहिल्या दिसापासून. वाचताना तुह्यं बोट पानावरून चाले. मायचं आलं का बोट थांबे, अन् तू माह्याकडं पाहे."

छपरीत एकही मान वर झाली नाही. एकीलाही नवल वाटले नाही, हे पाहून शकुंतलाबाईला कळायचे ते कळले.

"मंग काल उठून काहून गेली?"

"त्या टीवीवाल्याईनं जाळली तिले. मले नाही पाहवलं." तुळसाने मूठभर बिड्या तिच्या सुपात टाकल्या. "सांग. मायले निरोप आला का?"

शकुंतलाबाईने नवे पुस्तक उघडले. पहिल्या ओळीवर बोट ठेवले. मग पुस्तक मिटून गुडघ्याखाली सरकवले.

"आला ना," ती म्हणाली. "पोरगा म्हणतो, माय, काम बहुत आहे, पण जेवतो टाइमावर."

कात्र्या पुन्हा चालू लागल्या. तुळसाची तेवढी थांबली होती.