चतुराबाईच्या मांडीतला रॉड

मी एक जुना, दोन तुकडे झालेला स्टीलचा रॉड आहे. मखमलाबादच्या एका घरात, टीव्हीशेजारी, प्लास्टिकच्या डबीत पडून असतो. पाहुणे आले की घरचा मुलगा महेश डबी उघडतो आणि म्हणतो, "बघा, आईच्या पायात असला हलका माल घातला होता." पाहुणे हळहळतात. मित्रांनो, माझ्या अंगाचा नुसता जाळ होतो. मला तोंड नाही, म्हणून कोणी काहीही बोलावं का?

माझा जन्म सातपूरच्या एका कारखान्यात झाला. मला लेथवर कातलं. वरच्या टोकाशी जाड स्क्रूसाठी भोक पाडलं. घासून आरशासारखं चकचकीत केलं. माझ्यासारख्याच काही रॉडांना यंत्रात धरून पुन्हा पुन्हा वाकवून पाहिलं, तेव्हा कुठे आम्हाला पाकिटात बंद केलं. हलका माल म्हणे!

महेशची आई चतुराबाई फुलं पिकवते. शिमग्याच्या सुमारास ती हौदापाशी घसरली आणि तिचं खुब्याजवळचं हाड मोडलं. डॉक्टर साधनाबाईंनी मला तिच्या मांडीच्या हाडाच्या पोकळीत बसवलं. माझ्या भोकातून जाड स्क्रू घालून तो खुब्याच्या गोळ्यात रोवला. मोडलेली दोन्ही टोकं मी घट्ट धरून ठेवली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजी, उद्यापासून वॉकर धरून थोडं थोडं चालायचं. उकिडवं बसायचं नाही. ओझं उचलायचं नाही. दर महिन्याला पायाचा एक्स-रे फोटो काढून मला दाखवायचा."

चतुराबाईनं मान डोलावली. महेशनंही डोलावली.

घरी आल्यावर त्या वॉकरवर टॉवेल वाळू लागले. भेटायला येणारी प्रत्येक बाई सांगे, "हलू नको गं, आतला रॉड सरकंल." चतुराबाई खाटेवर पडून राहिली. मांडीतली ताकद गेली. मी सरकणारा नव्हतो हो! थोडं चालली असती, तर हाडालाही जुळायचा हुरूप आला असता.

मग एक दिवस शेजारची नवसाबाई आली. "चतुरे, लोखंडाचा पाय घेऊन झोपती व्हय? भंगारवाला उचलून न्यायचा तुला!" दोघी पोट धरून हसल्या. त्या हसण्यासरशी चतुराबाई जी उठली, ती थेट वाफ्यात जाऊन बसली. महेश खूश झाला. "आता काय भ्या नाय, आत रॉड हाय," असं तो गावभर सांगू लागला. फोटो काढायला मात्र कोणी गेलं नाही.

मित्रांनो, द्राक्षाच्या मांडवाची तार एकदा वाकवली तर तुटत नाही. पण तिला त्याच जागी मागंपुढं वाकवत राहा, मग बघा. माझंही तसंच झालं. हाड जुळलं असतं, तर भार त्यानं घेतला असता. ते जुळलं नव्हतं, म्हणून सगळा भार माझ्या एकट्यावर आला. ती झेंडू तोडायला उकिडवी बसे, भरलेली पाटी डोक्यावर घेऊन उठे, आणि दरवेळी मी भोकापाशी केसभर वाके. तिथं चीर पडली. चतुराबाईचा पाय ठणके. "रॉड टोचतोय मेला," म्हणून ती वरून तेल चोळून घेई. टोचत नव्हतो, मी हाका मारत होतो!

दसऱ्याची तोडणी आली. घरात कोणाला श्वास घ्यायला उसंत नव्हती. चतुराबाई पाटी घेऊन उठली आणि मी तुटलो. "महेश, पाय गेला रं!" म्हणत ती झेंडूतच कोसळली.

पुन्हा ऑपरेशन झालं. डॉक्टरबाईंनी महेशला फोटो दाखवला. "हाड जुळलंच नव्हतं. रॉडनं एकट्यानं किती तग धरायचा?" महेशनं पुन्हा मान डोलावली. घरी आल्यावर मला डबीत ठेवलं आणि हलक्या मालाचं पालुपद सुरू केलं. अशा माणसाला काय म्हणावं?

आता चतुराबाईच्या मांडीत नवा रॉड आहे. मार्गशीर्षातल्या गुरुवारांमुळे फुलांना मागणी होती. महेश म्हणाला, "आई, चार फुलं तोडू लाग ना. रॉड नवीन हाय."

माझ्या दोन्ही तुकड्यांना घाम फुटला. पुन्हा तेच? चतुराबाई वॉकर धरून सावकाश दारापर्यंत गेली. खुर्ची मागून घेतली आणि तिच्यावर बसली.

"रॉड नवीन हाय, आई जुनीच हाय," ती म्हणाली. "वाक तू!"

महेश वाफ्यात जाऊन अवघडत जेमतेम वाकला. नवसाबाई बांधावरून ओरडली, "आरं कमरंत वाक, तुझ्या पायात कुठं रॉड हाय!"

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाच्या मांडीत माझा भाऊबंद असेल, तर एवढं ऐका. आम्ही हाडाला फक्त धरून ठेवतो, जुळायचं काम त्याचं त्यालाच करावं लागतं. त्या माणसाला रोज थोडं चालवा, त्याचं ओझं तुम्ही उचला, सांगितल्या वेळी डॉक्टरांकडे न्या. हे जमत नसेल, तर आम्ही तुटल्यावर आमच्या नावानं बोटं मोडू नका.