बाजार चालू असताना हिरवं नको

बाजार चालू असताना घरात हिरवं काही दिसता कामा नये, आणि का ते विचारायचं नाही. चियायी शहरातल्या त्या घरात, घरची नात पिनयान बोलायला लागली त्याच्याही आधीपासून हा नियम होता. मी उंबरठा ओलांडला आणि त्याच क्षणी गुन्हेगार ठरले, कारण मी हिरवी आहे. मी पाण्याची बाटली आहे, चांगली जाड स्टीलची, चहा ओता तर संध्याकाळपर्यंत गरम ठेवीन. पण गुण कोण बघतो? सगळ्यांनी रंग बघितला.

आमच्या तैवानात शेअरचा भाव चढला की पाटीवर लाल दिसतो, पडला की हिरवा. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मला बनवून घेणाऱ्या चिप कंपनीच्या अध्यक्षाला. गृहस्थ अर्धं आयुष्य परदेशात काढून आलेला. वार्षिक सभेला येणाऱ्या भागधारकांना भेटवस्तू द्यायची आमच्याकडे रीत आहे. कुणी तांदूळ देतं, कुणी छत्री. ह्यानं मोठ्या हौसेनं बाटल्या केल्या, आपल्या कंपनीच्या चिन्हातल्या बेडकासारख्या हिरव्यागार. सभेला आलेल्या म्हाताऱ्यांनी पिशवीत डोकावलं आणि हात असे झटकून मागे घेतले, जणू आत खराच बेडूक होता. बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात त्या दिवशी माझ्या कितीतरी बहिणी गेल्या.

मला उचललं ते युएलीनं. युएली म्हणजे पिनयानची आई, दातांच्या दवाखान्यात मदतनीस. नवरा समुद्रापलीकडच्या कारखान्यात, आणि ही इकडे सासऱ्यांच्या घरात. पगार झाला की ती याच कंपनीचे थोडे शेअर घ्यायची, काही स्वतःच्या नावावर, काही लेकीच्या. घ्यायची आणि विसरून जायची. बाजारात त्या शेअरला सगळे ‘बेडूक’च म्हणत, कारण तो आज छपरावर, तर उद्या गटारात.

मला घेऊन ती घरात शिरली तेव्हा तिचे सासरे टीव्हीसमोर बसले होते. पिनयानचे हे आजोबा, म्हणजे आगोंग.

“वाटोळं करायला आणलंस का हे?” आगोंग खुर्चीतून उठलेच.

“पाण्याची बाटली आहे, बाबा. फुकट मिळाली.”

“फुकट? केवढ्याला पडते बघ आता!”

दुसऱ्या दिवशी बेडूक आपटला. आदल्या आठवड्यातही रोज आपटतच होता. पण तेव्हा मी नव्हते, म्हणून तो हिशेबात धरला नाही.

आगोंगांची थोरली लेक, पिनयानची आत्या, हिनं नवीन वर्षाला घातलेला आपला लाल मोजा माझ्या डोक्यावरून खाली ओढला आणि मला चपलांच्या कपाटात कोंबलं. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं आणि कपाटाच्या दाराला फट. त्या दोन भोकांतून मी पुढची कित्येक वर्षं माणसं पाहिली.

काय ती माणसं! सकाळी बापलेक लाल सदरे घालून टीव्हीसमोर बसणार. बाजार उघडला की बेडूक घ्यायचा, जेवणाआधी विकायचा. ती कंपनी नेमकं काय बनवते, असं विचारलं असतं तर दोघांपैकी एकालाही सांगता आलं नसतं. भाव चढला तर आगोंगांची अक्कल. पडला तर माझा पायगुण. मला पाय नाहीत, हेही कुणाच्या लक्षात आलं नाही. बाजार बंद होईपर्यंत घरात पालक शिजत नसे. टर्कीभात मागवताना आत्या फोनवर बजावत, “वर कांद्याची पात टाकू नका हो, आमचा बेडूक आहे आज!” दुकानदार बिचारा काय समजत असेल कोण जाणे.

आणि युएलीला टोमणे. “चढला तरी विकत नाही, पडला तरी विकत नाही. लोणचं घालतेस का गं शेअरांचं?”

युएली हसायची आणि भांडी घासायची. या हसण्याचा मला फार राग यायचा.

एका वसंतात बेडूक दिवसेंदिवस पडत राहिला. आगोंग म्हणाले, “युएली, तुझा शिक्का दे. आत्ता विकू, खाली गेला की परत उचलू.” आमच्याकडे नावाचा शिक्का उमटल्याशिवाय कागद हलत नाही, आणि सुनेचा शिक्का सासऱ्यांनी मागितला तर सून तो देते. तिनंही दिला. मग आगोंगांनी विकले, घेतले, परत विकले, घाबरून विकले, हावरेपणानं घेतले. उन्हाळा लागेपर्यंत तिच्या नावावर काही उरलं नाही. त्यानंतर बेडूक जो चढला, तो पूर्वी कधी नव्हता तिथे जाऊन बसला. आगोंग आठवडाभर जेवले नाहीत. दोष कुणाचा? अर्थातच कपाटातल्या बाटलीचा.

लेकीच्या नावावरचे तेवढे वाचले, कारण तेव्हा कुणाला ते आठवले नाहीत.

पिनयान ताइनानला संख्याशास्त्र शिकून परतली. बूट शोधताना तिच्या हाताला मी लागले. मोजा ओढून तिनं मला उजेडात धरलं आणि आईला विचारलं, “ही कोण?” युएलीनं सगळं सांगितलं. पोरगी आधी खो-खो हसली. शिक्क्याची गोष्ट आली तशी हसायची थांबली.

पुढच्याच आठवड्यात बेडूक पुन्हा पडायला लागला, आणि एका सकाळी आगोंगांना नातीचे शेअर आठवले.

“पिनयान, तुझा शिक्का आण. या कागदावर उमटवला की तुझं खातं मी बघतो. आत्ता विकू, खाली गेला की परत उचलू. चार दिवसांचं काम.”

“आईच्या वेळीही चारच दिवसांचं होतं, आगोंग.”

आत्या कडाडल्या, “उलट बोलायला पाठवलं होतं का कॉलेजात? बघ तिकडे, हिरवागार झालाय! त्या बेडकाचा काय नेम?”

“तो बसलाय आपल्या जागी चिपा बनवत. उड्या तुम्ही मारताय, आत्या. मला आज विकायचंच नाही, तर आजच्या भावाचं मी काय करू?”

“आणि बुडला म्हणजे?” आगोंग म्हणाले.

“बुडू शकतो. मग माझा बुडेल, माझ्या हातानं.”

युएलीचा हात सवयीनं खणाकडे गेला. शिक्के तिथेच असतात. खण अर्धा उघडलाही. पिनयान स्वयंपाकघरात गेली, मला नळाखाली भरलं आणि आणून ठेवलं थेट टीव्हीसमोरच्या टेबलावर. मोज्याशिवाय.

“झाक ते!” आगोंग ओरडले. “बाजार चालू आहे!”

“का?” पिनयाननं विचारलं.

त्या घरात हा शब्द या बाबतीत कुणी उच्चारला नव्हता. आगोंगांनी तोंड उघडलं, आत्यांकडे बघितलं. आत्यांनी कोपऱ्यातल्या लाल मोज्याकडे बघितलं.

“शिक्का देणार नाही,” पिनयान म्हणाली. “आज नाही आणि चार दिवसांनीही नाही.”

युएलीनं खण बंद केला. टेबलापाशी आली, माझं झाकण उघडलं आणि घटाघटा पाणी प्यायली. इतक्या वर्षांत माझ्यातून प्यायलेली ती पहिली.

मी अजून तिथेच उभी आहे, ओल्या तोंडानं. माझं मागणं एवढंच, की तुमच्या उड्यांचा पायगुण माझ्या माथी मारू नका. मी पाणी धरून ठेवते, तेवढंच मला येतं. समोर टीव्हीवर आकडे हलताहेत. आगोंग एकदा त्यांच्याकडे बघतात, एकदा माझ्याकडे.