नवसाबाईंच्या वाढलेल्या पेशी

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोस्कोप आहे. नाशिकला पेठ रोडवरच्या एका छोट्या लॅबमध्ये, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो.

इथे आलो तेव्हा माझा केवढा थाट होता! लॅबमध्ये तपासण्या करणाऱ्या मोहिनीताई सकाळी आल्या की आधी माझी भिंगं मऊ कापडानं पुसत. रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंगवून माझ्यापुढे ठेवत आणि मी त्यांना त्यातल्या पेशी दाखवत असे. पुढे पेशी मोजणारं मशीन आलं. ते जरा घुरघुरतं आणि लगेच आकडे छापतं. पेशींची तोंडं बघण्याइतका वेळ त्याला कुठला? माझ्यावर प्लास्टिकची टोपी चढली. मशीनला शंका आली, तरच आता माझी आठवण होते. वाईट वाटतं, पण ते असो.

गेल्या दसऱ्याच्या आधी मखमलाबादच्या नवसाबाई आजारी पडल्या. त्यांचा झेंडूचा मळा आहे. ताप आणि खोकला होता, डॉक्टरांनी फ्लू सांगितला. आमच्या तपासणीत त्यांच्या पांढऱ्या पेशी कमी निघाल्या. फ्लूमध्येही पेशी अशा उतरतात. पण आमच्याकडे पेशी कमी म्हटलं की लोकांना डेंगूच आठवतो. घरी पपईच्या पानांचा रस सुरू झाला, बकरीचं दूध आलं. जो तो फोन करून एकच विचारायचा, ‘पेशी किती झाल्या?’

काही दिवसांनी मुलगा धनराज त्यांना पुन्हा घेऊन आला. नवसाबाई बाकावर बसल्या, त्यांचा श्वास वरच्यावर चालला होता. पांढऱ्या पेशी आता भरपूर वाढल्या होत्या. धनराजचा चेहरा एकदम खुलला. त्यानं तिथूनच बायकोला फोन लावला, “तृप्ती, रस लागू पडला गं.”

मशीनला मात्र शंका आली. मोहिनीताईंनी माझी टोपी काढली. मी पाहिलं, त्यांत पुष्कळशा कोवळ्या, अर्धवट वाढलेल्या पेशी होत्या. शरीरानं त्या घाईघाईनं लढायला धाडल्या होत्या. आजार छातीत उतरत होता. माझा जीव कासावीस झाला.

मोहिनीताई उठून बाहेर गेल्या. “धनराज, हे वाढणं चांगलं नाही. आईंना दम लागलाय. आत्ताच दवाखान्यात न्या, छातीचा फोटो काढा.”

“पेशी तर वाढल्या ना, मॅडम?”

“दसरा तोंडावर हाय, ताई,” नवसाबाई धापा टाकत म्हणाल्या. “फुलांचा तोडा झाला का जाते. आता लय बरं वाटतंय मला.”

मोहिनीताईंनी पुन्हा पुन्हा सांगितलं. डॉक्टरांनाही फोन केला. पण मायलेक हसत घरी गेले.

दसऱ्याला लॅबच्या दाराला आणि मलाही झेंडूची माळ घातली होती. त्याच दिवशी नवसाबाई गेल्या.

नंतर धनराज आला आणि आई बसली होती त्याच बाकावर बसला. “तिचा दम मला दिसत होता, मॅडम,” एवढंच तो म्हणाला. मोहिनीताईंनी त्याला पाणी दिलं. मला रडता येत नाही, मित्रांनो, पण त्या दिवशी रडता न येणं फार जड गेलं.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. पेशींचा आकडा विचारा, जरूर विचारा. पण घरात कुणाला दम लागत असेल, तर हातातलं काम तिथेच टाका आणि त्यांना दवाखान्यात न्या. फुलं झाडावर सुकली तर सुकू द्या.