तिकीट मी काढणार नाही

माझी भाची दोमेनिका हिने ऑफिसातल्या लोकांबरोबर नुबेपाम्बाची एका दिवसाची सहल ठरवली आणि मलाही बसमध्ये कोंबलं. "आत्या, तुझंच गाव आहे. हवापालट होईल," म्हणाली. हवापालट करायला मी काही आजारी नव्हते. पण एलिसेओ जिथे पडला ती जागा मरायच्या आत एकदा बघायची होती, म्हणून बसले.

एलिसेओ माझा नवरा. धबधब्याची वाट गावाने मिंगा करून काढली होती. शंख वाजला की घरटी एक माणूस हत्यार घेऊन हजर, मजुरी नाही, आणि जो येणार नाही त्याची वर्षभर टिंगल. अशी आमची मिंगा. त्या वाटेवर कड्यात पायऱ्या खोदताना एलिसेओचा पाय सरकला. तो तिथेच गेला. महिन्याभरात मी राजधानीत, कितोला निघून गेले, ती एकतीस वर्षं फिरकले नाही.

गाव ओळखू येईना. साखरपाण्याच्या बाटल्यांभोवती हमिंगबर्ड आणि त्यांच्याभोवती मोबाइल धरलेली माणसं. चार घरं सोडली की चॉकलेटचं दुकान. धुकं तेवढं जुनं होतं. आणि धबधब्याच्या वाटेवर लोखंडी फाटक, शेजारी तिकिटाची खिडकी. खिडकीत, वाट ताब्यात घेतलेल्या पर्यटन कंपनीचा हिरवा शर्ट घालून, विल्मर, माझी मैत्रीण तार्हेलिया हिचा मुलगा.

"मावशी! किती वर्षांनी! सहा डॉलर."

"कसले सहा डॉलर?"

"वाटेचे. गाववाल्यांनाही लागतात आता."

"विल्मर, ही वाट कुणी काढली?"

त्याने मान खाली घातली. "मला ठाऊक आहे मावशी. पण मी नोकर माणूस."

दोमेनिकाने पर्स उघडली. "आत्या, मी भरते ना. कशाला तमाशा?"

"खबरदार! सहा काय, एक सेंट दिलास तर तुझ्याशी बोलणार नाही."

माझं डोकं फिरलं होतं. कुणाच्या परवानगीने मी माझ्या नवऱ्याला भेटायला जायचं? मी तरातरा समोरच्या तार्हेलियाच्या दुकानात शिरले. भिंतीवर गावाचा शंख टांगला होता, रंगीत पिसं आणि रिबिनी लावून. तो हातात धरून पर्यटक फोटो काढत. मी पिसं उपटली.

"अगं ए लास्तेनिया, तो विकायचा आहे!" तार्हेलिया ओरडली. गळाभेट राहिलीच बाजूला.

पहिल्या फुंकीला नुसती थुंकी उडाली. दोमेनिकाचे ऑफिसवाले हसले. दुसऱ्या फुंकीला मात्र आवाज पार डोंगराला जाऊन भिडला.

आणि काय सांगू! कंपनी आल्यापासून मिंगा बंद, तरी माणसं निघाली. खानावळीतून म्हातारा फाउस्तो अॅप्रनसकट कोयता घेऊन आला, मासा तव्यावर तसाच टाकून. कुणी फावडं आणलं, कुणी पहार. खुद्द तार्हेलिया, अजून मला शिव्या घालत, हातात कुदळ घेऊन उभी होती. ती कधी उचलली हे तिलाही कळलं नसावं. फाटकापाशी वीस-बावीस माणसं जमली आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली.

"शंख कुणी वाजवला?" फाउस्तोने विचारलं.

"मी."

"तू? एकतीस वर्षं गैरहजर आणि आता आम्हाला हाक मारतेस? लाज विकलीस का कितोत?"

"विकली. हवा तेवढा बोल, पण नंतर. जो शंख वाजवतो तो काम सांगतो ना? मग ऐक. हे फाटक काढायचंय."

सगळ्यांनी हत्यारं खाली टेकवली. भीती मला दिसत होती. प्रत्येकाचं दुकान त्या पर्यटकांवर चालत होतं. तार्हेलिया हळूच म्हणाली, "माझ्या पोराची नोकरी जाईल गं."

मी शंख खाली केला. खोटं कशाला बोलू, मी परत फिरायच्या बेतात होते.

तेवढ्यात विल्मर खिडकीबाहेर आला. त्याने आईच्या हातातल्या कुदळीकडे पाहिलं. "आई, कुदळीने काय उपटणार आहेस? खालची बिजागरी गंजलीय. कुणीतरी पाना द्या."

मग काय! अर्ध्या तासात फाटक गवतात आडवं झालं. दोमेनिकानेसुद्धा एक कड धरली, नखं मोडून घेतली. मी कुणासाठी थांबले नाही. चिखलातून, नेच्यांना धरत वर चढले. कड्यापाशी पायऱ्या लागल्या. एक, दोन करत मोजल्या. चौदा पुऱ्या आणि पंधरावी अर्धी. छिन्नीचे घाव तसेच होते, जणू आत्ता पाणी प्यायला उठून गेलाय. मी त्या अर्ध्या पायरीवर बसले आणि पोटभर रडले.

खालून धापा टाकत कंपनीचा मॅनेजर आला. इस्त्रीचा शर्ट, चिखलाने माखलेले बूट.

"अहो बाई, पोलिसांना फोन केलाय मी! आधी तिकीट दाखवा, नाहीतर खाली उतरा!"

मी डोळे पुसले. जराशी सरकले, त्याला दगड नीट दिसावा म्हणून.

"हे काय," मी म्हटलं, "त्याच्यावरच बसलेय."