नवाची शेपटी

नियम एका पानाचा होता. मुकादमांनी तो आवाराच्या फाटकावर खळीने चिकटवला आणि मोठ्याने वाचून दाखवला. माल वाहणाऱ्या प्रत्येक ट्रकवर नंबर चार ठिकाणी हवा: पुढे बंपरच्या वर, दोन्ही दारांवर आणि मागच्या फाळक्यावर. मागचा एवढा मोठा, की तीस पावलांवरून येणाऱ्या ड्रायव्हरला वाचता यावा. त्यावर ताडपत्रीचं टोक लोंबता कामा नये, चिखल साचता कामा नये. जमीन पिवळी, आकडे काळे, सगळ्या रेघा एका जाडीच्या. सावली नाही, नक्षी नाही, वेलबुट्टी नाही. मुदत महिनाअखेरची.

आवारात ट्रक तीस. तीस चोक एकशेवीस नंबर, असा हिशेब करून मुकादमांनी कपाळाला हात लावला. तेव्हा तो पुढे झाला. अकरा वर्षं त्याच आवारात ट्रक चालवणारा, तोंडात मूग धरून बसणारा माणूस, आणि त्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणाला की माझी बायको आकडे काढते. तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, हात त्यांचाच आहे.

दुसऱ्या दिवशी ती आली. दोन डबे, चार ब्रश, सुताची गुंडी आणि एक फूटपट्टी. सुताला खडू चोळून ती पत्र्यावर फट्‌कन मारायची, की सरळ पांढरी रेघ उमटायची; मग त्या रेघेवर आकडे असे उभे राहायचे, जशी शाळेत शहाणी मुलं. काम करताना ती गुणगुणायची. गाणं कुणाचं नव्हतं, तिचंच होतं, ब्रशाच्या चालीवर बसवलेलं:

एक आकडा या दाराला, एक त्या दाराला,
एक कपाळाला, एक मागून येणाऱ्याला.

तीन आठवड्यांत आवार पिवळंधमक झालं. मुकादम तिला ताई म्हणू लागले आणि ट्रेलरच्या आवाराचं कामही तुम्हालाच मिळवून देतो म्हणाले. त्याला मात्र सगळे 'पेंटरीणबाईंचे यजमान' म्हणू लागले. पहिले चार दिवस त्याला ते गोड लागलं.

ट्रक जोडीने जायचे. कागदाच्या गिरणीतून रिळं भरायची, सहा तासांवरच्या छापखान्यात उतरवायची, आणि परत. त्याच्या जोडीला होता शिट्टी. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल. आवारात तो शिट्टीच, कारण तोंडात सतत कुठली ना कुठली चाल. एकटा राहणारा, पण कॉलर कधी मळलेली नाही, दाढी कधी वाढलेली नाही. शिट्टी पुढे, तो मागे. हा क्रम कधी पडला ते कुणालाच आठवत नव्हतं.

मोकळ्या रस्त्यावर माणसाने वाचायचं तरी काय? समोर शिट्टीचा फाळका, फाळक्यावर नंबर. त्याने तो वाचला. एकदा वाचला, दहादा वाचला. दुसऱ्या तासाला त्याच्या लक्षात आलं की शेवटचा नऊ वेगळा आहे. त्याची शेपटी खाली येऊन थांबत नव्हती. आत वळत होती, हलकेच, मांजर झोपताना शेपूट अंगाशी घेतं तशी.

त्याने पाय सैल केला, अंतर वाढवलं. तरी दिसलीच. जवळ गेला. अजून दिसली.

मधल्या टप्प्यावर, पाण्याच्या नळापाशी गाड्या थांबल्या तेव्हा तो स्वतःच्या ट्रकच्या मागे जाऊन उकिडवा बसला. त्याच्याही नंबरात एक नऊ होता. बाहीने चिखल पुसला. नऊ सरळ. काठीसारखा, नाकासमोर चालणाऱ्या माणसासारखा. आणखी दोन ट्रक उभे होते त्याच आवारातले. त्यांचेही नऊ त्याने पाहिले. सरळ, सरळ. म्हणजे तीस गाड्यांत वळण एकालाच, असं त्याने ठरवून टाकलं.

शिट्टी तोंडावर पाणी मारत म्हणाला, "स्वतःचा नंबर विसरलास की काय रे?"

तो बाहीवरचा चिखल झटकत केबिनमध्ये चढला. त्या दिवशी परतीचे सहा तास ती शेपटी त्याच्या डोळ्यांसमोर हलत राहिली. बायकोचा हात त्याला माहीत होता. ती वहीवर दुधाचा हिशेब लिहायची तरी आकड्याला आकडा लागू द्यायची नाही. तो हात उगाच वळणार नाही. आणि पाठीवर वळला, दारावर नाही. म्हणजे ज्याची पाठ, त्याला न दिसेल असा. मनातलं माणूस असंच लिहितं, असं त्याला वाटलं, आणि वाटलेलं पोटात जाऊन बसलं.

घरी ती मोरीत ब्रश रॉकेलने धूत होती. अंगाला रंगाचा वास, नखांत पिवळं. वर न बघता तिने विचारलं, "आज पुढे कोण होतं?"

"रोजचेच."

"बरं आहे," ती म्हणाली, आणि ब्रश झटकला.

त्या 'बरं आहे'ला त्याने रात्रभर उलटंपालटं केलं. बरं काय आहे? कुणाचं बरं आहे? मग आठवू लागलं, नि आठवायला लागलं की काय कमी सापडतं. शिट्टीने तिला बसायला लोखंडी स्टूल आणून दिलं होतं. शिट्टी तिला वहिनी म्हणायचा, पण त्या वहिनीला एक लाडिक झोका असायचा. एकदा त्याने चालता चालता तिच्याच गाण्याची चाल शिट्टीवर उचलली होती, आणि ती हसली होती. घरात ती त्याच्यासमोर शेवटची कधी हसली, हे तो आठवत बसला, आणि आठवलं नाही, तेव्हा त्याचाही दोष त्याने शिट्टीच्या खात्यावर टाकला.

पुढचे आठ दिवस तो त्या फाळक्याच्या मागे शेपटाला बांधल्यासारखा गेला. जेवणाचा डबा उघडला तरी तोंडात घास फिरायचा. ती विचारायची, बरं वाटत नाही का. तो म्हणायचा, मला काय धाड भरलीय. आणि ती रोज, न चुकता, विचारायची पुढे कोण होतं.

नवव्या दिवशी रस्त्यावर तपासणी लागली. खाकी छत्रीखाली एक तपासनीस साहेब, हातात मोजपट्टी. शिट्टी कागदांवर शिक्का घ्यायला टपरीत गेला होता. साहेबांनी त्याच्या गाडीचे चारही नंबर पाहिले, पट्टी लावली, मान डोलावली आणि पुढे जायचा हात केला. एवढ्यात मागच्या ट्रकमधून तो खाली उतरला. आपण उतरतोय हे त्याला कळत होतं. थांबता येत नव्हतं.

"साहेब," तो म्हणाला, "त्या शेवटच्या नवाची शेपटी बघा. बसते का नियमात?"

साहेबांनी पाहिलं. वाकून पाहिलं. नियमाचं पान काढलं, पुन्हा पाहिलं. नक्षी, असं म्हणाले. मग कार्बन घालून नोटीस लिहिली: नंबर ज्याने रंगवला त्यानेच तीन दिवसांत दुरुस्त करावा, आणि त्या आवारातल्या सगळ्या गाड्या फेरतपासणीला आणाव्यात. शिट्टी टपरीतून आला, नोटीस घेतली, घडी करून खिशात ठेवली. परतीच्या वाटेवर त्याची खिडकी उघडी होती, पण शिट्टी ऐकू आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमांनी तिला बोलावून घेतलं. ते चिडले नव्हते, पण ताई म्हणायचं विसरले. तीसच्या तीस गाड्या पुन्हा दाखवायच्या म्हणजे दोन दिवसांचा खोळंबा, आणि ट्रेलरवाल्यांच्या कानावर गेलं तर ते काम दुसऱ्याला देतील, असं ते जमिनीकडे बघत म्हणाले. तिने नोटीस मागितली. शिट्टीच्या फाळक्यापाशी उभी राहून पहिल्या ओळीपासून वाचली. ती वाचताना तो दहा हातांवर, चाकातली हवा बघायच्या निमित्ताने वाकलेला होता.

खाली बारीक अक्षरांत साहेबांनी लिहिलं होतं: मागील वाहनाच्या चालकाने निदर्शनास आणून दिल्यावरून.

तिने कागदाची घडी केली. त्याच्याकडे वळली.

"काल मागे कोण होतं?"

त्याने चाक सोडलं नाही. "मी."

आवारात कुणीतरी इंजिन चालू केलं आणि लगेच बंद केलं. ती वळली. फाळक्यापुढे बसली, पत्र्याच्या पट्टीने नवाची शेपटी खरवडू लागली. काळा रंग निघाला, त्याच्याखालचा पिवळा निघाला, आणि वळणाच्या ऐन पोटात एक गोल डोकं वर आलं. बोल्ट.

मुकादम म्हणाले, हे काय. तिने सांगितलं, आवाज न चढवता, की आकडा नेमका या बोल्टावर येत होता. डोक्यावर रंग टिकत नाही, आणि उद्या कुणी बोल्ट काढला की आकडा तुटला असता. म्हणून वळसा घातला. नंबर पुसट होण्यापेक्षा वाकडा बरा, असं तिला वाटलं. चूक तिचीच.

शिट्टी वाकला. त्याने बोल्टावरून बोट फिरवलं आणि मागे न बघता म्हणाला, "हा तर तुझा रे. गेल्या वर्षी फाळका निखळला, पुलाच्या अलीकडे. दोन तास उन्हात बसून तूच ठोकलास."

त्याला आठवलं. जाड डोक्याचा बोल्ट, स्वतःच्या पेटीतला. पान्याचा ओरखडासुद्धा तोच होता. हे गाडी सांभाळणाऱ्याला कळायला हवं होतं. जवळ जाऊन हात लावला असता तर कळलंही असतं. पण आठ दिवस त्याने नुसतं बघितलं होतं.

"पाना आणा," ती म्हणाली.

त्याने पाना आणला. आत हात घालून नट सोडवला, जुना बोल्ट काढला, पत्र्याच्या अंगात बसेल असा चपटा बसवला. तिने खड्ड्यात लांबीची पुट्टी भरली, घासली, पिवळा मारला, वाळेपर्यंत थांबली. या वेळी गाणं नव्हतं. मग एका दमात शेपटी खाली ओढली. सरळ.

संध्याकाळी घरी जाताना ती दोन पावलं पुढे चालत होती. त्याने विचारलं, मग रोज पुढे कोण ते कशाला विचारतेस. हे विचारायलाही त्याला अर्धा रस्ता लागला.

"उतारावर तुमचा पाय जड होतो," ती म्हणाली. "भाऊजी पुढे असले की तुम्ही गाडी सुसाट सोडत नाही. मीच सांगितलंय त्यांना, ह्यांना पुढे जाऊ देऊ नका म्हणून."

म्हणजे दोघं बोलले होते. त्याच्याबद्दल, त्याच्या पाठीमागे. ते त्याला टोचलंच. जे नव्हतं त्याची जागा जे होतं त्याने घेतली. पण या टोचण्याला धरायला शेपूट नव्हतं.

फेरतपासणीत तीसही गाड्या पास झाल्या. ट्रेलरच्या कामाचं काय ते मुकादम बोलले नाहीत, आणि तिने विचारलं नाही. डबा ती भरून द्यायची, हातात द्यायची, आणि तेवढंच.

पुढच्या खेपेला फाटकाशी शिट्टीने गाडी बाजूला घेतली. "आज तू हो पुढे," म्हणाला. "तुझ्या डोळ्यांनी माझ्या पाठीला भोकं पडायची."

तो पुढे झाला. समोर रस्ता, नुसता रस्ता. वाचायला काही नाही. उतार आला तेव्हा त्याने पाय हलका ठेवला. का ठेवला ते कुणी विचारलं नाही. आरशात शिट्टीचा चेहरा दिसत होता, शांत, समोर लागलेला. त्याची नजर कुठे आहे हे त्याला एकदम कळलं. याच्या फाळक्यावर. याच्या बायकोच्या हातावर. सहा तास आता तो तिचे आकडे वाचणार, एकेका रेघेवरून डोळा फिरवणार, आणि यालाच ते दिसणार नाहीत. जुना संशय पुन्हा उठून बसला. तेव्हाच ते गाणं डोक्यात आलं, चौथ्या आकड्यापाशी येऊन थांबलं. मागून येणाऱ्याला. इतके दिवस मागून कोण येत होतं?

नळापाशी त्याने गाडी थांबवली. शिट्टी बाटली घेऊन उतरला. तो त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"तू जा पुढे."

"का? रस्ता तर छान धरलायस."

नळ ठिबकत होता.

"तिचं अक्षर दिसत नाही," तो म्हणाला.

शिट्टीच्या ओठांवर काहीतरी विनोद आला असावा. तो त्याने पाण्याबरोबर गिळला. बाटली भरली, झाकण लावलं, आणि गाडी त्याच्या गाडीच्या बाजूने काढून पुढे नेली.

तीस पावलांवरून नंबर स्वच्छ दिसत होता. शेवटचा नऊ सरळ, नियमात बसणारा. फक्त शेपटीच्या शेजारी, जिथे लांबी भरली होती, तिथला पिवळा बाकीच्यापेक्षा जरा ताजा होता. माहीत नसलेल्याला तो ठिपका दिसला नसता. त्याने अंतर धरलं आणि वाचत निघाला.