स्पीकरमागची चिंधी

"थांब वं पोरी. हा रंगरावचा आवाज नाही." गोपालकाकांनी गिटारच्या तारांवर पंजा ठेवला.

माझा हात लॅपटॉपवरच राहिला. धामणगावच्या आमच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात बाबांचा, म्हणजे रंगरावांचा, ॲम्प्लिफायर गुणगुणत होता. मुळात तो विलायती, गिटारचा, आतच स्पीकर असलेला. शेगावच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून घेऊन बाबांनी त्यात जुन्या रेडिओचे भाग बसवले, आणि दुसऱ्या कशातून येत नाही असा खरपूस आवाज काढला. गोपालकाका आयुष्यभर लग्नांत, गणपतीत त्याच आवाजावर वाजवत आले.

बाबा भाद्रपदात गेले. ॲम्प्लिफायरचा व्हॉल्व्ह, म्हणजे आत तार लाल होते ती काचेची नळी, आता कधीही जाणार होता. तसा दुसरा कुठेच मिळाला नाही. म्हणून मी पुण्याहून आले होते. लॅपटॉपमधून ठरावीक आवाज आत सोडायचे, बाहेर येईल तो माइकने टिपायचा. त्यावरून प्रोग्राम तो आवाज शिकतो, मग यंत्राशिवायही गिटार तशीच वाजते. पुण्यात मी पोटासाठी हेच करते.

"काय कमी हाये, काका?"

"तुया बापाच्या आवाजाले खरखर होती. हा त दाढी करून आल्यावानी वाजून राह्यला."

व्हॉल्व्ह लुकलुकला. काका वाकून बघू लागले. दारात बसलेली आईही उठून जवळ आली.

"माय, तू याले हात लावला होता का?" मी विचारलं.

"दसऱ्याले पुसला. सण नाही केला, पण हत्यारं उपाशी कशी ठेवू? कुंकू लावलं, फूल वाहिलं." तिने यंत्रामागे बोट दाखवलं. "मांगं स्पीकरात चिंधी अडकेल होती, काळीढुस्स. थे फेकली. काऊन?"

काकांनी डोळे मिटले. "वहिनी, स्पीकरचा कागद फाटला तवा रंगरावनंच थे कोंबली होती. मले म्हने, राहू दे गोपाल, आवाजाले वळण लागलं."

"मले काय मालूम, बाप्पा."

काकांनी चिंधीच्या जागी कोंबायला खिशातून रुमाल काढला. आईने मान हलवली आणि आत गेली. आली ती गोधडी घेऊन. बाबा दुखण्यातही हीच पांघरायचे.

"थे चिंधी माया हिरव्या पातळाची होती. काठावरून ओळखलं होतं मीनं. बाकीचं पातळ या गोधडीत लागलं."

तिने ब्लेडने टाके उसवले. मी तुकडा घेऊन यंत्रामागे वाकले.

"पह्यले वायर काढ. तुये बाबा वायर काढल्याबिगर आत हात घालत नोहोते," आई म्हणाली.

"पुन्हा पेटला नाही त?" मी विचारलं.

मी वायर काढली.

काकांनी चिंधी दोन बोटांनी आत सरकवली. मी वायर लावली. नळी काळीच. आईने पदर तोंडाशी धरला. बाहेरून एक टेम्पो गेला. मग नळीच्या तळाशी लाल ठिपका दिसला.

काकांनी एकदाच तारा छेडल्या आणि मान खाली घातली. मी प्रोग्राम सुरू केला. शिट्या, घरघर, पुन्हा शिट्या. ठिपका मंदावत होता, पण शेवटचा आवाज टिपून होईपर्यंत विझला नाही.

मग काकांनी गिटार लॅपटॉपला जोडली, कानाला हेडफोन लावले आणि थोडं वाजवलं. "हाव," मान डोलावून एवढंच म्हणाले. हेडफोन आईच्या कानांवर ठेवून पुन्हा वाजवलं. तिने ते दोन्ही हातांनी दाबून धरले.

"खरखर हाये," ती म्हणाली.

मी वायर काढली. परत लावून बघू, असं कोणी म्हटलं नाही.

"चिंधी काढून देऊ, माय?"

"राहू दे तिथंच."

तिने गोधडी झटकली, आणि भोक आत जाईल अशी घडी घातली.